चर्चच्या सणांसाठी परसातील फुले

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, वेंगुर्ले तालुक्यात, रेडी हे गाव आहे. त्यालगतचा तेरेखोलचा किल्ला गोवा राज्यात मोडतो, व त्या किल्ल्यात सेंट अँटनीचे लहानसे चर्च आहे. जिल्ह्यातील कॅथलिक चर्चे 2005 साली पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या केलेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतात. नाताळ, ईस्टर व गावोगावची फेस्ते यांस फुले लागतात. ती ऐन वेळी बाजारातून आणावयाची म्हटली की भाव चढलेले असतात, आणि मग प्लॅस्टिकच्या फुलांकडे हात वळतो. फुले खोचण्यासाठी वापरला जाणारा हिरवा स्पंजही एक प्रकारचे प्लॅस्टिकच होय. तो कुजत नाही. त्याचा भुगा पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळात व पुढे समुद्रात जातो.

परसात फुले लावणे हा यावरील सोपा उपाय आहे. मात्र नाताळानंतर आठ दिवसांनी फुललेला झेंडू चर्चच्या कामाचा नाही. म्हणून सणाच्या तारखेपासून मागे दिवस मोजून पेरणी करावी.

झेंडूचे बी टाकल्यापासून फुले हाती येईपर्यंत सुमारे 90 दिवस लागतात. त्यांपैकी पहिले 25 ते 30 दिवस रोप वाफ्यात असते. 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी कबरींवर फुले हवी असतील तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि नाताळासाठी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बी टाकावे. ऑगस्टच्या पेरणीस पावसाचा धोका असतो. त्यासाठी गादीवाफा वीतभर उंच करावा व रोपांवर झावळ्यांचा आडोसा धरावा. जांभ्या जमिनीत एका गुंठ्यास सुमारे 200 किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळून 60 बाय 45 सेंटिमीटर अंतराने लावल्यास साडेतीनशेच्या आसपास रोपे बसतात. शेंडा खुडल्याने फांद्या वाढतात, परंतु फुले काही दिवस लांबतात. तारीख जवळ आली असता शेंडा खुडू नये. समुद्रावरून येणारा खारा वारा कोवळी रोपे करपवितो. माडांच्या किंवा घराच्या आडोशाची जागा निवडावी.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. हा सण 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यानच्या रविवारी येतो. 2027 मध्ये तो 28 मार्च रोजी आहे, म्हणजे झेंडूचे बी डिसेंबर 2026 च्या अखेरीस पडले पाहिजे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, चौथा रविवार व मोठे सण सोडून, वेदीजवळ फुले ठेवीत नाहीत. हा काळ शेतकऱ्यास सोयीचाच आहे: जुना झेंडू उपटून नवी लावणी वाढविण्यास तेवढी सवड मिळते. ईस्टरला पांढरी फुले विशेष शोभतात. मोगऱ्याची छाटणी नोव्हेंबरअखेर करून खत-पाणी दिल्यास मार्चपासून कळ्या येऊ लागतात.

8 सप्टेंबरच्या मरीयेच्या जन्मोत्सवास, म्हणजे मोंती फेस्तास, शेजारच्या गोव्यात मुले फुले वाहतात. त्या वेळी रानात तेरडा फुललेला असतो, तो ओरबाडून आणू नये. बी पडण्यापूर्वीच झाडे उपटली गेली तर पुढील वर्षी तो माळ ओका राहतो. जूनअखेर परसात तेरड्याचे बी टाकले की या सणास फुले मिळतात. अबोली तर माडाच्या विरळ सावलीतही बहुतेक वर्षभर फुलते.

चर्चच्या पूजाविधीच्या नियमांतही फुलांची आरास माफक असावी व ती वेदीवर न ठेवता वेदीभोवती मांडावी असे सांगितले आहे. तेव्हा थोडक्या फुलांत काम भागते, आणि उरलेली विकता येतात. गावातील चार-पाच घरांनी आपसांत ठरवून निरनिराळी फुले लावावीत. सर्वांनीच झेंडू लावल्यास विक्रीची पंचाईत होते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी चर्चच्या फादरांकडून वर्षाच्या सणांची यादी मागून घ्यावी.

फुले सकाळी उन्हापूर्वी तोडावीत व देठ पाण्यात बुडवून सावलीत ठेवावेत. स्पंजाऐवजी केळीच्या खांबाचा हातभर तुकडा घ्यावा. त्यात टोकदार काडीने भोके पाडून देठ खोचले असता खांबातील ओलाव्याने फुले ताजी राहतात. हार केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवावेत. सण आटोपल्यावर हार, पाने व खांबाचे तुकडे शेणकाल्यासह खड्ड्यात थरांनी घालावे. तीन-चार महिन्यांत तयार होणारे हे खत पुढच्या लावणीस उपयोगी पडते.