म्हशीचे चित्र आणि ठाण्याचे डॉक्टर

भातावरचा करपा पाहायला बदलापूरकडच्या एका गावी गेलो होतो. बांधावर एका शेतकरीदादांनी मुलाची वही पुढे केली. "बघा साहेब, अभ्यास सोडून म्हशी काढतो! यानं पोट भरंल का?"

मी म्हैस पाहिली. पाठीवरचा चिखल वाळून तडकलेला, तोही पोराने टिपला होता. मग दादांना एका डॉक्टरांची गोष्ट सांगितली. तीच तुम्हांला सांगतो.

डॉ. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. शिक्षण डॉक्टरकीचे. १९७५ पासून २००५ पर्यंत, तीस वर्षे, त्यांनी ठाण्यात एक्स-रे तज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकला ते आपली आपण शिकले आणि नोकरीधंदा सांभाळून तैलचित्रे काढत राहिले. विषय कोणते? इराणी हॉटेल, लोकल गाडी, रस्ता, कामकरी माणसे. उल्हासनगर, अंबरनाथच्या फलाटावर आपल्याला रोज भेटतात तशीच. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले.

कोणी म्हणेल, मग फोटोच का काढू नये? फोटोवरून हुबेहूब चित्र रंगवण्याची एक रीत १९६० नंतर अमेरिकेत निघाली. पटवर्धनांची चित्रे खरी वाटतात, पण ती फोटोची नक्कल नव्हेत. काय ठेवायचे, काय गाळायचे, हे चित्रकार ठरवतो. आपणही कीड पाहताना पान उलटून पाहतो ना? नुसते बघणे वेगळे, निरखणे वेगळे.

तैलरंगातले तेल तर आपल्या शेतातलेच. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटतात. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल तसे वाळत नाही. वाळायला दिवस लागतात, म्हणून चूक सुधारायला सवड मिळते.

पण सुरुवातीला रंग नकोतच. पेन्सिल आणि पाठकोरे कागद पुरेत. घरचा माठ, विळा, बैलाचे वशिंड समोर ठेवून काढावे. तीच वस्तू पुन्हा पुन्हा काढावी.

दादांना एवढेच म्हणालो, "अभ्यास चुकवू देऊ नका, पण वही फाडू नका. पोट आणि चित्र, दोन्ही एका घरात नांदतात."