हेड उघडावे की नाही?

मुलांनो, हिंगोलीहून नांदेडला जाताना उन्हाळ्यात एखादी जुनी मोटार बॉनेट उघडून उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओततो आणि निघतो. थोड्या अंतरावर गाडी पुन्हा तापते. असे रोज होऊ लागले, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

इंजिनाच्या खालच्या भागाला ब्लॉक म्हणतात. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. दोहोंच्या मध्ये एक पातळ पत्रा असतो, तोच हेड गॅस्केट. प्रेशर कुकरच्या झाकणातली रबरी रिंग आठवा. कुकरची रिंग फक्त वाफ अडवते. हा पत्रा मात्र जळता वायू, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल, या तिघांना एकमेकांत मिसळू देत नाही. सिलिंडरात वायूची उष्णता क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पाणी ९० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. एवढ्या कामाला एक पत्रा!

समजा, तुमच्या चाचांकडे जुनी अँबॅसडर आहे. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. ती गाडी तापू लागली आहे. चाचा विचारतात, "दुरुस्त करू, की विकून टाकू?"

आधी दुखणे ओळखा. रेडिएटर चोंदला असेल, नळी गळत असेल किंवा पाण्याचा पंप बिघडला असेल, तरीही गाडी तापते. हे इलाज स्वस्त आहेत. पण बाहेर गळती नसताना पाणी कमी होते, गरम इंजिनातही सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतो, रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे दिसतात, तेव्हा बहुधा गॅस्केट गेलेली असते. (थंडीच्या सकाळी थोडी वाफ निघतेच, तिला घाबरू नका.) रेडिएटरचे झाकण मात्र गाडी पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. उकळते पाणी उसळून तोंड भाजते.

आता तेलाची कांडी काढून पाहा. तेल स्वच्छ असेल तर वेळ गेलेली नाही. ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. मग गाडी सुरूही करू नका. ओढून गॅरेजमध्ये न्या. पाणी मिसळलेले तेल बेअरिंग खाते.

गॅस्केटची किंमत फार नसते. पैसे लागतात ते मजुरीला. मिस्त्री हेड उतरवतो आणि त्यावर सरळ पट्टी ठेवून ते वाकले आहे का पाहतो. थोडे वाकले असेल, तर मशीनवर घासून सपाट करतात. तडा गेला असेल, तर हेडच बदलावे लागते. म्हणून हेड उघडण्यापूर्वी एक अंदाज घ्या आणि उघडल्यावर दुसरा, दोन्ही कागदावर. गाडी कशामुळे तापली, हेही मिस्त्रीला विचारा. चोंदलेला रेडिएटर तसाच राहिला, तर नवी गॅस्केटही जाईल.

बाजारात गळती बंद करणारे औषध मिळते. ते घातले की काही दिवस गाडी चालते. पण तेच औषध रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. गाडी दहा किलोमीटरवरच्या गॅरेजपर्यंत नेण्यापुरते ते ठीक, असे मला वाटते.

आता चाचांचा प्रश्न. तेल स्वच्छ, बॉडी मजबूत आणि गाडी रोजच्या उपयोगाची असेल, तर दुरुस्ती करावी, आणि लवकर करावी. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवावी लागते. तो खर्चही हिशेबात धरा. सगळे मिळून गाडीच्या किमतीहून जास्त होत असेल, तर ती विकणेच बरे. मात्र विकताना घेणाऱ्याला गॅस्केटची गोष्ट आधी सांगा. कदाचित तो याच गाडीत आजारी आईला कळमनुरीहून नांदेडच्या दवाखान्यात नेणार असेल.