आजी, नातवंडं आणि स्क्रॅबल

हिवाळ्यात इथे चार-साडेचारलाच अंधार पडतो. व्हिसाचे ९० दिवस घेऊन आलेले आजी-आजोबा एका खोलीत, नातवंडं टॅबलेट घेऊन दुसऱ्या खोलीत, असं बऱ्याच घरांत होतं. दोघांना एका टेबलाशी आणणारा एक खेळ आज समजून घेऊ: टॅबलेटवरचं स्क्रॅबल.

पट १५ बाय १५ चौकोनांचा. प्रत्येकाला अक्षरांच्या सात टाइल्स मिळतात. त्या बोटाने ओढून पटावर शब्द लावायचा. पहिला शब्द मधल्या चांदणीवरून जायला हवा. पुढचा प्रत्येक शब्द आधीच्या अक्षरांना जोडून, शब्दकोड्यासारखा आडवा किंवा उभा. काही रंगीत चौकोन अक्षराचे किंवा अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट-तिप्पट करतात. सातही टाइल्स एकदम लावल्या तर ५० गुण जादा. काहीच जमेना? टाइल्स बदलून घ्या, पण ती पाळी गेली.

सुरुवातीलाच सेटिंगमध्ये भाषा निवडा. भाषा बदलली की नुसता शब्दकोश नाही, टाइल्सची पिशवीच बदलते. इंग्रजीत १०० टाइल्स, जर्मनमध्ये १०२. इंग्रजीत झेडला १० गुण, जर्मनमध्ये फक्त ३, कारण जर्मनमध्ये तो पावलोपावली भेटतो. उलट वायला इंग्रजीत ४ आणि जर्मनमध्ये १०. उमलाउटच्या टाइल्स वेगळ्या असतात. एस्त्सेटची टाइल नसते, तिथे दोन एस लावायचे.

समजा, नातीने पहिलाच शब्द लावला ‘त्साइट’, म्हणजे वेळ. झेडचे ३, बाकी तीन अक्षरांचे एकेक, झाले ६. चांदणीमुळे दुप्पट, १२. आजोबांनी पुढे ई आणि एन जोडून ‘त्साइटन’ केलं. आता अख्ख्या शब्दाचे गुण आजोबांना, म्हणजे ८. चांदणीचा फायदा मात्र एकदाच.

एक गंमत आधीच सांगून ठेवते. आजी ‘ई’ म्हणाली की जर्मन शाळेतली नात आय शोधते, आणि ‘ए’ म्हणाली की ई. कारण जर्मनमध्ये त्या अक्षरांची नावंच तशी आहेत. म्हणून बोट दाखवून बोला!

हे गुण ठरवले कसे? १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. नेहमीच्या अक्षरांना कमी गुण, दुर्मिळ अक्षरांना जास्त.

हीच युक्ती वापरून घरी मराठी खेळ करता येईल. मराठीत अडचण काना-मात्रांची. प्रत्येक रूपाची वेगळी टाइल करायची तर पोतं भरेल! त्यापेक्षा पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर नुसती अक्षरं लिहा आणि मात्रा खेळणाऱ्याने लावायची. म आणि ल या दोनच तुकड्यांतून माल, मूल, मैल, मेला, मुली असे किती शब्द निघतात बघा. लावलेली मात्रा पेन्सिलीने लिहा. त्या अक्षरातून जाणाऱ्या दुसऱ्या शब्दालाही तीच मात्रा. जोडाक्षरं पहिल्या दिवशी नकोत.

गुण ठरवायला मराठी गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान घ्या आणि मुलांना अक्षरं मोजायला बसवा. र किती, ढ किती? मराठी बोलणारी पण वाचायला कंटाळणारी आपली मुलं त्या निमित्ताने अख्खं पान नजरेखालून घालतील. आणि ‘हा शब्द असतो का गं?’ हे विचारायला ॲप नसेल, आजीलाच विचारावं लागेल.

जर्मन डावात नात जिंकेल, मराठी डावात आजी. एकूण हिशेब बरोबर!