नऊ लिटर पाणी, पन्नास युनिट वीज

मीरा रोड स्टेशनबाहेरच्या टपरीवर माझ्या मित्राने फोन समोर धरला. केमिकल इंजिनीअरिंगचं त्याचं शेवटचं वर्ष. स्क्रीनवर एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात होती : आठ आठवडे, पस्तीस हजार रुपये, शेवटी सर्टिफिकेट आणि 'ग्रीन हायड्रोजनमध्ये हमखास करिअर'. रविवारपर्यंत भरले तर सूट. ''भरू का? बाबांकडे मागायचेत,'' तो म्हणाला. ''तू पेपरात आहेस ना, जरा शोध.''

मी मास मीडियावाली, केमिस्ट्रीचं पुस्तक बारावीनंतर थेट रद्दीत गेलेलं. तरी शोधलं. हीच जाहिरात तुमच्याही फोनवर फिरत असेल, तर पैसे भरायच्या आधी एवढं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे, हायड्रोजन ही काही उद्याची गोष्ट नाही. चेंबूर आणि थळच्या आरसीएफ कारखान्यांत युरियासाठी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी हायड्रोजन. माहुलच्या रिफायनऱ्यांनाही डिझेलमधलं गंधक काढायला तोच लागतो. देशात वर्षाला साधारण ५० लाख टन हायड्रोजन वापरला जातो. पण तो मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात, आणि किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. सौर किंवा पवनऊर्जेवर पाणी फोडून काढला, तर तो ग्रीन. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने त्याचं मापही ठरवलं : किलोमागे उत्सर्जन २ किलोच्या वर नको.

पाणी फोडणं म्हणजे काय, ते घरी बघता येतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली आणि ९ व्होल्टची बॅटरी. एका पेन्सिलीवर दुसरीच्या दुप्पट बुडबुडे येतात, तो हायड्रोजन. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका. आणि सोड्याऐवजी मीठ अजिबात घालू नका, क्लोरीन निघतो. म्हणूनच आपल्या मिठागरांतलं खाडीचं पाणी उचलून थेट यंत्रात ओतता येत नाही. आधी क्षार काढावे लागतात.

आता पाण्याचा हिशेब. टँकरची वाट बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना पहिली शंका तीच येते ना! एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या नियमाने ९ लिटर पाणी लागतं. ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. म्हणजे ४,५०० कोटी लिटर. आकडा ऐकून घाबरायला होतं. पण सूर्या पाणीयोजनेत मीरा-भाईंदरचा वाटा दिवसाला २१८ दशलक्ष लिटर ठरलाय. भागाकार केला, तर अख्ख्या देशाचं उद्दिष्ट आपल्या एका शहराच्या साधारण २०६ दिवसांच्या वाट्याएवढं भरतं. शुद्धीकरण आणि कूलिंग धरून दुप्पट-तिप्पट म्हणा. मी तीनदा कॅल्क्युलेटर मारला, खरं सांगते. म्हणजे देशाचा विचार केला तर पाणी हा मोठा अडसर नाही. पण भरपूर ऊन असलेली जागा बऱ्याचदा दुष्काळीही असते, आणि तिथल्या गावाला देशाची सरासरी प्यायला मिळत नाही.

खरी गोम विजेची आहे. एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज जाते आणि त्या किलोत उरते ३३ युनिटांएवढी ऊर्जा. ती फ्युएल सेलमधून पुन्हा वीज करून घ्या, हातात सोळा-सतरा युनिट येतात, फार तर वीस. मग तीच वीज सरळ बॅटरीत का भरू नये? स्कूटर आणि रिक्षांसाठी तेच शहाणपणाचं. युनिट ६ रुपयांना धरलं, तर किलोमागे नुसत्या विजेचेच ३०० रुपये झाले. त्यामुळे 'उद्या सगळ्या गाड्या हायड्रोजनवर' म्हणणाऱ्या रीलवर माझा विश्वास नाही. जिथे बॅटरी चालतच नाही, म्हणजे खत, रिफायनरी, पोलाद, तिथे मात्र हा मामला गंभीर आहे.

आणि महाराष्ट्र यात उतरलाय. जुलै २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ८,५६२ कोटींचं ग्रीन हायड्रोजन धोरण मंजूर केलं, जानेवारी २०२४ मध्ये सात कंपन्यांशी सुमारे २ लाख ७६ हजार कोटींचे सामंजस्य करार झाले. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे लक्षात ठेवा. पुण्यात मात्र हाताला लागेल असं काम झालंय. केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून बनवलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी तिथेच सादर झाली. धुराड्यातून फक्त पाण्याची वाफ. त्या कामात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आपली एनसीएल, होती.

पुण्याचीच प्राज इंडस्ट्रीज मला जास्त बोलकी वाटली. प्रमोद चौधरींनी १९८३ मध्ये सुरू केलेली ही कंपनी इथेनॉलचे प्रकल्प उभारते. १९ मे २०२३ रोजी एअरएशिया इंडियाचं विमान पुण्याहून दिल्लीला गेलं, तेव्हा त्याच्या इंधनात प्राज आणि इंडियन ऑइलने देशातच बनवलेलं जैवइंधन थोडंसं मिसळलेलं होतं. अशा कामाला डिस्टिलेशन, पंप, उष्णतेचा हिशेब आणि सेफ्टी येणारी माणसं लागतात. म्हणजे माझ्या मित्राच्या सेकंड इयरचा सिलॅबस!

शनिवारी त्याने कोर्सवाल्यांना स्पीकरवर फोन लावला. ''इलेक्ट्रोलायझर प्रत्यक्ष हाताळायला मिळेल?'' पलीकडून उत्तर आलं, ''सर, एचडी व्हिडिओ आहेत.''

त्याने पैसे भरले नाहीत. फायनल इयरच्या प्रोजेक्टला लहान इलेक्ट्रोलायझर बनवायचा विषय त्याने सरांना दिलाय आणि इंटर्नशिपसाठी पुण्याला तीन अर्ज टाकलेत. अजून एकाचंही उत्तर नाही. कोर्सची जाहिरात मात्र आता मला दिवसातून चारदा दिसते.