केमोथेरपी आणि मुलांच्या पांढऱ्या पेशी

केमोथेरपीची बहुतेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात आणि अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. त्यामुळे उपचार सुरू झाले की पांढऱ्या पेशी घटतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून पहिला फटका त्यांना बसतो. साधारण ७ ते १४ दिवसांत त्यांची संख्या तळ गाठते. एका मायक्रोलिटर रक्तात त्या ५०० पेक्षा कमी झाल्या की धोका गंभीर मानतात.

घरोघरी काळजी असते ती या ‘काउंट’ची. उरलेल्या पेशींत किती दम आहे, हे मात्र नेहमीच्या रिपोर्टात दिसत नाही. निरोगी न्यूट्रोफिल जंतूच्या दिशेने सरकते, त्याला गिळते आणि आत तीव्र रसायनांनी मारते. ल्युकेमियाच्या मुलांत उपचारांदरम्यान या कामांतही उणीव आढळली आहे. स्टेरॉइड तर चक्क फसवतात: रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात, आकडा फुगतो; पण संसर्गाच्या जागी पोहोचण्याची त्यांची ताकद घटते. लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. त्यामुळे गोवरासारख्या आजारांवर आधी घेतलेल्या लशींचे संरक्षण काही मुलांत ओसरते, म्हणून उपचार संपल्यावर काही महिन्यांनी लसीकरणाचा पुन्हा विचार करतात.

पू हा मुख्यतः न्यूट्रोफिलचाच बनतो. त्या नसल्या की जखम फारशी सुजत नाही, पिकत नाही. बऱ्याचदा ताप हीच एक खूण उरते. १००.४ अंश फॅरनहाइटवर टिकलेला ताप म्हणजे तातडी. शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे इथे महागात पडते.

मोठ्या रुग्णालयापासून दूर राहणाऱ्यांना हा तास गाठणे अवघड. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचे उदाहरण घ्या: जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. इथून कर्करोगाची मोठी रुग्णालये नागपूरला: राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मोलाचा तास रस्त्यातच जातो. त्यामुळे तापाच्या वेळी पहिला डोस जवळच्या रुग्णालयात कुठे मिळेल, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवलेले बरे. केमोची फाइल सोबत हवीच. गर्दीही टाळायला हवी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे या दोन गावांतल्या दगडफेकीच्या जत्रेला, लोटणारी गर्दी पेशी तळाला असलेल्या मुलासाठी नाही. दगडांचा प्रश्न वेगळाच.