नागोठण्याहून लेहला : सात दिवसांची आखणी

मंडळी, गेल्या वेळी आपण अल्पेच्छता या बौद्ध कल्पनेवर बोललो. कमी इच्छा बाळगणं, म्हणजे मिळतंय त्यातलं थोडंच उचलणं. व्याख्यान संपल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, "सर, आम्ही मे महिन्यात लेहला निघालोय, सहा रात्री आहेत, काय काय बघू?" प्रश्न साधा वाटतो, पण अल्पेच्छतेची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून आज तीच आखणी करू या.

आधी आकडे बघू. आपलं नागोठणं अंबा नदीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीवर. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई, 1,646 मीटर. लेह शहर आहे सुमारे 3,500 मीटरवर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी आपण लेहच्या खालीच राहू. आणि तिथे आपण विमानाने, सव्वा-दीड तासात, दिल्लीहून जाऊन उतरणार.

लोक म्हणतात, "तिथे ऑक्सिजन कमी असतो." नीट समजून घेऊ. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के. त्यामुळे एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो. शरीर यावर उपाय करतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल घडवतं. पण त्याला दिवस लागतात. तिकिटावर सहा रात्री छापल्या आहेत हे शरीराला माहीत नसतं, बरं का!

म्हणून विमानाने गेलेल्या माणसाने पहिले 48 तास लेहमध्येच काढायचे. पहिला दिवस झोपून, गरम पाणी-सूप पीत. दारू नाही, झोपेची गोळी नाही, बादल्या उचलणं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात हळूहळू एक चक्कर. बस्स. आता सहल विकणाऱ्यांची पत्रकं बघा. बहुतेकांत पँगाँग असतंच. पँगाँग सुमारे 4,250 मीटरवर, आणि वाटेतला चांग ला 5,300 च्याही वर. "एवढे पैसे खर्चून गेलो आणि तलाव नाही पाहिला?" या एका वाक्यापायी माणसं आजीला त्या घाटावर नेतात. आमचं मत स्पष्ट आहे : सात दिवसांच्या घरगुती सहलीत पँगाँग वगळायचं. आखणी करताना ठिकाणं कापायची, विसाव्याचे दिवस कापायचे नाहीत. सगळे नेमकं उलटं करतात.

कोणी म्हणेल, मग तवांगला जाऊ, तेही बौद्ध गाव, साधारण 3,000 मीटरवर, आणि तिथला मठ सतराव्या शतकातला. खरं आहे. गुवाहाटीहून रस्त्याने जाताना वाटेत दिरांगला मुक्काम होतो, त्यामुळे शरीराला चढायला वेळ मिळतो. 2024 मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून बर्फातली अडचणही कमी झाली. पण जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, शिवाय इनर लाइन परमिट. सात दिवसांत ते ओढाताणीचंच होतं. दहा-अकरा दिवस असतील तर आम्ही तवांगच सुचवू.

तर लेह. तिसऱ्या दिवशी शे आणि ठिकसे. दोन्ही सिंधूच्या काठाने, उंची लेहसारखीच. ठिकसेला मैत्रेयाची दोन मजली, सुमारे 15 मीटर उंचीची मूर्ती आहे. मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध. इथे एक गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवा. आपल्याकडे 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांत बुद्धवंदना म्हटली जाते, तिथली मुलं गोम्पात शिरतात आणि गोंधळतात. उग्र चेहऱ्यांच्या, कवट्या धारण केलेल्या देवता, लोण्याचे दिवे, मोठमोठे ढोल. "यात आपले बुद्ध कुठे आहेत?" प्रश्न योग्यच आहे. तो वज्रयान पंथ आहे. त्यात त्या उग्र मूर्ती धर्मरक्षक असतात किंवा आपल्याच अज्ञानाला चिरडणाऱ्या शक्ती. बाबासाहेबांनी मांडलेला धम्म वेगळ्या वाटेने आला. दोन्ही वाटा एकाच माणसाच्या शिकवणीतून निघाल्यात, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ. आणि गोम्पा म्हणजे संग्रहालय नव्हे. आत लोक राहतात, पूजा करतात. पूजा चालू असताना फोटोसाठी मध्ये उभं राहायचं नाही.

चौथ्या दिवशी आल्ची. हे आमचं लाडकं ठिकाण. आल्ची लेहपेक्षा खाली, साधारण 3,100 मीटरवर आहे, म्हणजे शरीराला उलट बरंच. हजारेक वर्षं जुनी भित्तिचित्रं, काश्मिरी हाताची. अजिंठा पाहिलेल्या माणसाने ती पाहिलीच पाहिजेत. वाटेत निम्मूला सिंधू आणि झंस्करचा संगम, दोन रंगांचं पाणी. पाचवा दिवस मोकळा ठेवा. हो, मोकळा! सहाव्या दिवशी विमान.

जाण्याआधी तयारी म्हणून डोंगर चढावा का, असं विचारतात. जरूर चढा. इथून जवळ, पालीच्या पुढे, ठाणाळ्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. एका रविवारी सगळं घर घेऊन जा. गुडघे कोणाचे दुखतात ते कळेल, मुलांना विहार म्हणजे काय तेही कळेल. मात्र त्याने उंचीची सवय होत नाही. व्यायाम करणारा तरुणही लेहला आडवा होतो. उलट त्याच्यात पळापळ करायचा उत्साह जास्त, म्हणून धोकाही जास्त.

आता खरं महत्त्वाचं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या काही तासांतच सुरू होऊ शकतं, आणि बहुतेकदा विश्रांतीने उतरतं. पण बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं, तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. तेव्हा "सकाळी बघू" नाही. ताबडतोब रुग्णालय, आणि खाली उतरायची तयारी. माणूस यात दगावतो.

आपल्या घरांतली अडचण अशी की कोणी बोलत नाही. आजी म्हणते, "मला काही नाही झालंय, तुम्ही जा." सुनेला वाटतं, आपल्यामुळे सगळ्यांचा दिवस फुकट जाईल. आजोबा तर सत्तरीत असूनही कोणापेक्षा कमी नाहीत! (हा टोला आमच्या वयाच्या मंडळींना.) त्यामुळे निघण्याआधी घरात बसून ठरवायचं : जो "मला बरं नाही" म्हणेल, त्याचा शब्द शेवटचा. त्याच्याबरोबर कोण थांबणार, तेही आधीच ठरवा. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला नाव घेऊन विचारा. लहान मुलाला सांगता येत नाही. ते जेवेना, खेळेना, उगाच किरकिर करू लागलं तर तेच लक्षण समजा. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असेल किंवा गर्भारपण असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टर. डायमॉक्सची गोळीही त्यांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर हटकून सांगा.

बाकी किरकोळ. प्रीपेड सिम तिथे चालत नाही, एक तरी पोस्टपेड फोन हवा. मे महिन्यातही रात्री कडाक्याची थंडी असते, लोकरीचे कपडे घ्या. लेहची विमानं बहुतेक सकाळची, कारण दुपारी वारा वाढतो. हवा बिघडली तर रद्दही होतात. म्हणून परतीला त्याच दिवसाचं दिल्ली-मुंबई विमान धरू नका, दिल्लीत एक रात्र ठेवा. सातवा दिवस त्याच्यासाठी.