घर दोघांचं, कागद एकाचा

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची संपत्ती तिथल्या काळ्या रानात आहे. इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती काढताना, कणसं मोडताना बायांचे हात राबतात. सातबाऱ्यावर मात्र बहुधा पुरुषाचंच नाव असतं. हिंदू घरात तसं, मुसलमान घरातही तसंच. तलाक झाला की प्रश्न उभा राहतो : दोघांनी मिळून उभं केलं त्यातलं तिचं किती?

इस्लामी कायद्यात निकाहाने दोघांची मालमत्ता एक होत नाही. तिचा मेहेर (निकाहात नवऱ्याने कबूल केलेलं देणं), तिचे दागिने, तिची कमाई आणि माहेरचा वारसा तिचाच राहतो. पत्नीला दिलेली संपत्ती, ती सोन्याची रास असली तरी, परत घेऊ नये, असं कुरआनात सूरह निसामध्ये बजावलं आहे. इंग्लंडमधल्या विवाहितेला स्वतःच्या मालमत्तेवर असा पूर्ण हक्क १८८२च्या कायद्याने मिळाला, हे लक्षात घेतलं म्हणजे या तत्त्वाचं मोल कळतं. पण याच वेगळेपणाची दुसरी बाजूही आहे. नवऱ्याच्या नावावरचं घर तिच्या कष्टाने उभं राहिलं असलं, तरी त्यात तिला आपोआप हिस्सा मिळत नाही.

महाराष्ट्रात मुस्लिम स्त्रियांच्या दुःखाला वाचा फोडली ती समाजसुधारक हमीद दलवाईंनी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व हे त्या लढ्याचे मुख्य मुद्दे होते. मालमत्तेचा प्रश्न मागे राहिला.

पोटगीबद्दलच्या शाहबानो निकालानंतर आलेल्या १९८६च्या कायद्याने तलाकशुदा स्त्रीला मेहेर, इद्दतीतली (तलाकनंतरच्या ठरावीक प्रतीक्षाकाळातली) पोटगी, ‘वाजवी आणि न्याय्य तरतूद’ आणि लग्नात किंवा नंतर मिळालेल्या सर्व वस्तू मागण्याचा हक्क दिला. तरतूद इद्दतीपुरती नाही, पुढच्या आयुष्यासाठी आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली सांगितलं. पोटगीचा सर्वसाधारण कायदाही तिला लागू आहे, हे २०२४ साली पुन्हा स्पष्ट झालं. हे सगळं मोलाचं आहे; पण ही तरतूद आहे, वाटणी नव्हे.

वाटणी अशक्य मात्र नाही. मलेशियात संसारात मिळून कमावलेल्या मालमत्तेची वाटणी शरीयत न्यायालयंच करतात. इंडोनेशियात १९९१च्या इस्लामी कायदा संहितेने घटस्फोटानंतर दोघांना अर्धा-अर्धा वाटा दिला. मोरोक्कोच्या २००४च्या कायद्याने लग्नानंतरच्या कमाईबद्दल स्वतंत्र करार करण्याची सोय ठेवली. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. लग्नापूर्वी वेगळा करार नसेल, तर पती-पत्नी मालमत्तेचे समान भागीदार. हा नियम गोव्यातल्या मुसलमानांनाही लागू आहे.

महाराष्ट्रात तसा कायदा होईपर्यंत हातात आहे तो कागद. निकाहनाम्यात मेहेर आकड्यात लिहावा आणि त्यातला किती दिला, किती बाकी तेही लिहावं. दागिने, भांडीकुंडी, फर्निचर यांची यादी करून दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्याव्यात. नवीन घर किंवा जमीन घेताना खरेदीखतात दोघांची नावं टाकावीत. आधीचं घर किंवा शेत पत्नीला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. नोंदणीचा आणि इतर खर्च वेगळा. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपल्या बायकांच्या नावे जमीन केली होती. तीच वाट मुसलमान शेतकऱ्यालाही मोकळी आहे. त्यासाठी शरीयतमध्ये हिबा, म्हणजे बक्षीस, आहेच : देणाऱ्याने जाहीर करावं, घेणारीने स्वीकारावं आणि ताबा द्यावा.

दाद मागणंही थोडं जवळ आलं आहे. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची उच्च न्यायालयातली प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. पण कोर्टातही आधी कागदच विचारला जातो. म्हणून मंगळवेढ्यातल्या आणि सगळीकडच्या बापांना, भावांना आणि काझींना एवढीच विनंती : निकाहाच्या दिवशी जेवणावळीचा हिशेब जितक्या काळजीने लिहिता, तितक्याच काळजीने मुलीच्या हक्काचा हिशेब लिहा.